खळीत मोरचूद

म्हापशाच्या बाजारात, कुंभारांच्या ओळीमागे माझं दुकान.
वह्या, चर्चची रजिस्टरं, देवस्थानाचे जमाखर्च,
सगळ्यांना एकच सुई.

शुक्रवारी किटेरिया टीचर आली.
कापडी पिशवीत, सुक्या सुंगटांच्या पुडीशेजारी,
आजोबांनी नैरोबीहून आणलेला इंग्रजी कोश.
जुन्या, कुणी न वापरणाऱ्या शब्दांचा.
वाळवीनं तो निवडून खाल्लेला:
शब्द जागच्या जागी, ठळक, काळे
आणि अर्थांच्या जागी बोगदे.

मी वाळवीला शिवी दिली नाही.
आमच्या गावात रोयणीलाच सांतेरी म्हणतात,
तिला कुंकू, तिला अबोलीचा वळेसर.
ज्या तोंडानं देवी म्हणायचं
त्याच तोंडानं कीड कशी म्हणू?
फक्त खळ शिजवताना
मोरचूद थोडा जास्त घातला.

ठरलं असं: मी पट्ट्या कापायच्या,
तिनं अर्थ सांगायचे, मी लिहून डकवायचे.
‘मराठीत लिही,’ म्हणाली.
माझं स्पेलिंग तिला ठाऊक होतं,
पाचवी ते सातवी तिच्याच वर्गात होतो.

ओव्हरमॉरो. उद्याच्या पलीकडचा दिवस.
इंग्रजांनी हा कुठंतरी हरवला,
आता चार शब्द जोडून काम भागवतात.
मी म्हटलं, परवा.
‘तुझा परवा मागेही जातो, पुढेही.’
आमची उधारीही तशीच असते, टीचर.
ती हसली नाही.
लिहायला लावलं: परवा, फक्त पुढचा.

अलेज. पिंपात जितकं भरलेलं नाही, तितकं.
रिकाम्या जागेला नाव!
मला भाटीवरचा मामा आठवला,
फेणीची बाटली हलवून कानाशी धरायचा
आणि सांगायचा, चार बोटं कमी.
मी तेवढंच लिहिलं. चार बोटं.

आफ्टरमाथ मला येत होता.
पूर, दंगल, अपघात,
पेपरात त्यांच्या मागून चालत येतो.
‘चूक,’ खडू नसलेल्या बोटांनी तिनं टेबल ठोकलं.
‘कापणी झाल्यावर त्याच मुळांवर
परत उगवतं ते गवत. दुःख त्याला नंतर चिकटलं.’
म्हणजे वायंगण?
‘वायंगण तू पेरतोस. हे आपोआप येतं.’

एक शब्द तिलाही उच्चारता येईना,
उ, ह आणि ट एकमेकांवर कोसळलेले,
हजार वर्षांपूर्वीचा, म्हणाली.
उजाडायच्या आधी जाग येते
आणि माणूस नळ्यांकडे बघत काळजी करतो, ते.
पदेराचा भोंपू वाजायच्या आधी?
‘त्याच्या अर्धा तास आधी.’
इतकं लगेच सांगितलं
की मी मान वर केली नाही.

तिसऱ्या शुक्रवारी ड्वाइन.
ती थांबली. बाहेर कुणी
मयड्याच्या केळ्यांवरून घासाघीस करत होतं.
मग म्हणाली, लिही:
धक्क्यावरून दिसणारा बोटीचा दिवा
दिसेनासा झाल्यावरही
तिकडेच बघत राहणं.
पट्टी लांब झाली, दुमडावी लागली.

पणजीला पुठ्ठा आणायला गेलो
तेव्हा लायब्ररीत शिरलो, दुसरा कोश मागितला.
ड्वाइन: सुकणे, झिजत जाणे. एवढंच.
दिवा नाही, धक्का नाही,
बोट तर नाहीच नाही.

दुकानात येऊन सुरी घेतली.
दुमडलेल्या पट्टीचं एक टोक सुटलं होतंच,
ओढली असती तर आली असती हातात.
त्या टोकाला परत खळ लावली
आणि अंगठ्यानं दाबून धरली,
लागते त्यापेक्षा जास्त वेळ.

काल ती कोश घेऊन गेली.
पैसे मोजून दिले, वर सुंगटांची पुडी.
इतक्या पट्ट्यांनी कोश फुगलाय,
पुठ्ठे मिटत नाहीत, फट राहते.
आठवडाभर वर पाटा ठेवा, मी म्हटलं.
‘असूं दी,’ ती म्हणाली
आणि फटीत बोटं घालून बघितली.
चारही मावली.