वाढीच्या रेघा

नागपूरला समुद्र नाही.
तरी कालवं येतात थर्माकोलच्या खोक्यातून,
रात्रभर बसनं, वितळलेल्या बर्फात
खोक्यावरचं गावाचं नाव फिसकटलेलं.

यंदा त्यांच्या शेजारच्या ट्रेमध्ये
कन्हानचे शिंपले,
पारबता मारबतेनं मांडीभर पाण्यात उभं राहून
पायाच्या अंगठ्यानं गाळातून चाचपून काढलेले.

मी पातं लावून शिंपला उभा चिरते.
भिंगाखाली रेघा दिसतात.
पाणी आटलं की तोंड मिटायचं, वाढ थांबते, एक रेघ.
पाणी आलं की प्यायचं.
जे येईल ते.
मासा निदान पळतो.
याला पत्ता बदलता येत नाही.

अकराव्या रेघेशी शिसं भेटलं.
आमच्या फायलीत त्या सालचं पान कोरं.
पारबता बाकावरूनच म्हणते,
"त्या साली नदी राखेवानी वाहे,
जाळं धुतलं तं हात भुरे होत."

मग जरा थांबून:
"अन् यायले ज्यानं खाल्लं, त्याचं?"

उत्तर माझ्याकडे नाही, मशीन चालू आहे.
ती तळहात पुढे करते, नखं वर.
"माह्या रेघा मोज बाई. बावन भरतीन."

फॉर्मवर रकाने छापलेले:
प्रजाती, लांबी, वजन,
नमुना कुठून आणला.
माझं पेन शेवटच्या रकान्यावर अडतं.

"लिव," ती म्हणते,
"हालली नाही कोठीच."