नोंदवहीतला रंग

ऑक्टोबरात, पहाटे सहाला, बंद पडलेल्या शाळेमागे
मी नावं पुकारते. चौदा माणसं, तीन कुत्री.
टोपी? आहे. जाकीट? आहे.
कुत्र्यांच्या गळ्यांतही नारिंगी पट्टे.
प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची बारकी खूण;
शाई आमच्या काइनूत या दिवसांत अडते.

मूसला हा रंग दिसत नाही म्हणतात.
त्याच्या लेखी आम्ही राखाडी,
ओल्या खडकांसारखे.
म्हणजे हे नारिंगी आम्ही आमच्यासाठीच घालतो,
एकानं दुसऱ्याला लांबून सांगायला:
मी आहे रे. मी मांस नाही.

तीन वर्षांपूर्वी आर्वोनं जाकीट घातलं होतं.
खूण मीच केली होती, वही अजून आहे.
जिल्ह्याहून आलेल्या साहेबानं विचारलं,
“पोशाख नियमाप्रमाणे होता?”
होता.
त्यानं लिहून घेतलं.
पुढचा प्रश्न वाऱ्याच्या दिशेचा होता.

त्यानं हे विचारलं नाही, की
जाकीट अकरा हंगाम जुनं होतं.
दर हंगामानंतर सीर्का ते घासघासून धुवायची
रक्ताचे डाग निघावेत म्हणून,
आणि डागांबरोबर रंगही निघायचा, थोडा थोडा.
त्या सकाळी ओढ्याकाठचे आस्पेन नुसते पेटले होते.
आर्वो त्यांच्यात जाऊन बसला,
थर्मासचं झाकण फिरवत.

आणि हेही विचारलं नाही, की केइयोला काय दिसत होतं.
त्याला मूस दिसत होतं.
पहाटेपासून, प्रत्येक बुंध्यात,
गेल्या वर्षी हातचं सुटलेलं तेच, मोठ्या शिंगांचं.
डोळ्यांत आधीच काही भरलेलं असलं
तर डोळ्यांत भरणारा रंग
मावणार कुठे?

मग काय, चिंध्याच म्हणायच्या या?

म्हणाले असते.
पण मागच्या हिवाळ्यात, सौनात,
दगडांवर पाणी ओतता ओतता लेम्पी बोलून गेली:
दलदलीच्या कडेला ओस्मोचं बोट चापावर होतं,
गवत हललं,
आणि गवताच्या टोकाशी एक ठिपका.
रोवनच्या फळाएवढा.
तिच्या भाच्याची टोपी. पोरगा वाकून बुटाची नाडी बांधत होता.
ओस्मोनं बंदूक खाली केली.
घरी येऊन दोन ताटल्या बटाटे खाल्ले,
बोलला कुणाशीच नाही.

काळ आला होता.
मी वहीत त्या तारखेचं पान काढून पाहिलं:
“मूस एक, पिल्लू एक. हवा कोरडी.”

न सुटलेल्या गोळीला माझ्या वहीत रकाना नाही.
एका पारड्यात आर्वोला ठेवता येतं,
नावगाव, जन्मतारीख, बुटाच्या मापासकट.
दुसऱ्यात कोण?
तो पोरगा आज दुकानात दूध घेत होता,
सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत.
आपण मेलो नाही
हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

केइयो आता बंदूक धरत नाही.
या वर्षी मात्र त्यानं चौदा नवी जाकिटं आणली, स्वतःच्या पैशानं.
किमतीच्या चिठ्ठ्या तशाच लोंबत होत्या.
शाळेच्या पायरीवर गठ्ठा ठेवला
आणि गाडी चालू ठेवूनच परत फिरला.
कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी घातली.

एक जास्तीचं उरलं.
मी मोजायला चुकले नव्हते; आर्वोचं नाव
मीच अजून खोडलं नव्हतं.

ते सीर्कानं नेलं.
दलदलीत लाल बोरं वेचायला जाते ते घालून.
माझ्या खिडकीतून, पाणथळीपलीकडे, ती दिसते,
काडेपेटीतल्या गुलाएवढी,
वाकते, उठते, पुन्हा वाकते.

मला दिसते.
पण मी तर
तिलाच शोधत असते.