शिकणारी

रविवारी उपासना संपल्यावर, चहाच्या आधी,
निर्मळ पाळकांनी फळ्यावर एक शब्द लिहिला. माथेतेस.
म्हणाले, याला आपण शिष्य म्हणत आलो,
पण ग्रीकमध्ये तो शिकण्याच्या क्रियापदातून निघालाय.
शिकणारा. बस, एवढंच.
त्याच मुळावर पुढं गणिताचं नाव उगवलं.
मागच्या बाकावर दहावीची दोन पोरं दचकली.

माझ्या नखांत तेव्हा वॉर्निश होतं,
आणि मी मुठी झाकून बसले होते.

शिष्य म्हणजे कोण, हे मला शाळेत सांगितलेलं.
बदनापूरच्या दुधगावकर बाईंनी धातू फोडून दाखवला होता:
शास्. त्यातूनच शासन, त्यातूनच शास्त्र.
ज्याला वळण लावायचं, तो शिष्य.
बाईंच्या हातात पट्टी होती,
त्यामुळं व्युत्पत्ती लगेच पटली.

जुन्या एमआयडीसीत रशीद उस्तादांनी
आठ महिने मला काहीच शिकवलं नाही.
जळक्या मोटारी उघडायच्या,
करपलेली तार छिन्नीनं तोडून ओढायची,
तांबं तोलून पोत्यात भरायचं.
मी विचारलं, भरायला कधी शिकवणार?
ते म्हणाले, "पहले खोलना सीख. भरने की जल्दी नक्को."

मग मी उचकटता उचकटता मोजायला लागले.
तीन हॉर्सपॉवर, चोवीस खाचा,
प्रत्येक खाचेत अठ्ठेचाळीस.
किराणाच्या वहीत मागच्या पानापासून लिहीत गेले,
पुढून उधारी, मागून वेढे,
आणि एके दिवशी दोन्ही मध्यावर भेटले.

कुणी हाक मारली की आकडा सांडतो.
सांडला की पुन्हा पहिल्यापासून.
यावर उस्ताद कधी ओरडले नाहीत.
नुसते पाठ फिरवून विडी पेटवायचे,
आणि मी शून्यावर येऊन बसायची.

त्यांचा उजवा हात गेला तो पोळ्याच्या आठवड्यात.
अर्धं तोंडही वाकडं झालं होतं.
खाटेवरून म्हणाले, ती परतूरची मोटार आली तर
किती टर्न होते गं तिचे? मला काही केल्या आठवेना.
मी सांगितले.
त्यांनी डाव्या हातानं पाटीवर लिहून घेतले,
पहिलीतल्या पोरासारखे, मोठ्ठे, वाकडे,
आणि आकडा बरोबर आला का म्हणून
माझ्याकडं पाहिलं.

खोलीत त्या वेळी गुरू कोण होतं,
हे मला आजही सांगता येणार नाही.

पाळकांचं अजून संपलं नव्हतं.
म्हणाले, या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप
त्या सगळ्या पानांत एकदाच येतं,
तेही विधवांसाठी कपडे शिवणाऱ्या एका बाईसाठी.
मी झाकलेला हात वर केला.
एकदाच?
ते जरा थांबले. लिहिलेलं एकदाच, म्हणाले.

चहा घेताना मला दुधगावकर बाईंचा
दुसरा धातू आठवला, तासाच्या घंटेत बुडालेला:
शिकणं आलंय शक् मधून,
म्हणजे जमावं अशी इच्छा.
जमलं म्हणजे नव्हे. जमावं म्हणून.
पट्टी तेव्हा टेबलावर पडलेली होती.

आज नळाला पाणी यायचा बारावा दिवस.
चर्चची मोनोब्लॉक माझ्यापुढं उघडी पडलीय,
जळकट, आतून काळी,
तिच्याशिवाय पाणी वरच्या टाकीत चढत नाही.
दारात सायकल लावून निर्मळ पाळक विचारतात,
ताई, संध्याकाळपर्यंत होईल का?
ते पुढं येतात, वाकून खाचेत बघतात,
तार कुठून जाते, कुठून परत येते,
विचारायला तोंड उघडतात.

मी मान हलवते, वर न बघता.
बसा.
बोलू नका.
एकतीस.