चार बोटं जागा

दहा ग्रॅम माती, वाळवून, चाळून,
काचेच्या दोन नळ्यांत.
एकीत पाणी, दुसरीत घासलेट.
चोवीस तास हात लावायचा नाही,
प्रयोगशाळेला कुलूप लावून घरी जायचं.

सकाळी घासलेटमधली माती दहाच्या रेघेवर,
परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी अंग चोरून.
पाण्यातली एकोणीसवर.
वहीत लिहिते : नव्वद टक्के.
भेरूलाल मागून डोकावतो,
"साबुदाणाच की हो बाई."

नमुना क्रमांक सात. बिचोलीकडचा प्लॉट, खोली दीड मीटर.
हिर्लेकरांचं घर,
पंधरा वर्षं बिनतक्रार उभं.
गेल्या वर्षी माघात त्यांनी दारातला कडुनिंब तोडला,
गाडीला जागा हवी होती.
तेव्हापासून दिवाणखान्याची फरशी मधोमध वर येतेय,
देवघराचं दार भादव्यात लागतच नाही,
नातवाची गोटी आपोआप भिंतीकडे पळते.
हिर्लेकर म्हणाले, ठेकेदारानं फसवलं.
वहिनी आत गेल्यावर हळूच, करणी तर नसेल?

मी म्हटलं, तो निंब पीत होता हो.
तुमच्या घराखालचं पाणी
रोज, मुकाट्यानं, पंधरा वर्षं.
आता दुसरं कोणी प्यायला नाही,
म्हणून माती स्वतःच पितेय.
तिची तहान जुनी आहे.

"किती वर येईल?"
हे सगळेच विचारतात.
मी आकडा देते मिलिमीटरमध्ये
आणि त्याच्या आधी "साधारण" हा शब्द,
जो कोणी वाचत नाही.

पितळी कड्यात मातीची वडी बसवली, पाणी सोडलं.
ती उठायला बघते, मी एक वजन ठेवते.
पुन्हा उठते. आणखी एक.
संध्याकाळपर्यंत असंच चाललं आमचं,
मग काटा थांबला. दोघी दमलो.
चौरस सेंटिमीटरला दीड किलो.
हिर्लेकरांची फरशी, सोफा, देव्हारा, पाहुणे
सगळे मिळून
याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही भरत नाहीत.

मुकुल लेहच्या पुढं कुठंतरी रस्त्यावर असतो.
त्याच्याकडे काळी माती नाही, बारीक गाळ आहे.
थंडी उतरली की तो खालून पाणी ओढतो
आणि पापुद्र्यांवर पापुद्रे बर्फाचे रचत
डांबर उचलतो.
मैलाचे दगड, म्हणाला, दरसाल बोटभर वर येतात,
खालून कोणी ढकलल्यासारखे.
उपाय?
मध्ये जाड खडीचा थर, पाणी चढू नये म्हणून.
"आणि बर्फ सुटायला लागला की
जड गाड्या सोडायच्या नाहीत, ताई.
गोठलेली असताना सगळं पेलते.
वितळताना नाही."
त्यानंतर आईच्या फ्लॅटचा विषय
त्यानं काढला नाही, मीही नाही.

अहवाल पावणेदोन पानांचा झाला.
गळका पाइप आधी बदला.
घराभोवती दीड मीटर पक्का पट्टा, उतार बाहेर.
नवी खोली काढाल तर खांब साडेतीन मीटर खाली न्या,
ऋतू पोचत नाहीत तिथवर,
तळाशी कांद्यासारखा फुगीर.
आणि तुळई मातीवर टेकवू नका.
खाली चार बोटं जागा सोडा, रिकामी.

हिर्लेकर चष्मा कपाळावर सरकवून :
"रिकामी? म्हणजे हवेचे पैसे?"
हो, म्हटलं. तिला यायला.

भेगेवर चिकटवलेली काचेची पट्टी,
जुलैची चौदा तारीख घातलेली,
भेरूलालनं आज वर्तमानपत्रात गुंडाळून आणली.
सरळ मधून गेलीय.
"वाईट झालं?"
नाही रे, तिचं कामच ते.

नळ्या धुतल्या. घासलेटची एका पाण्यात निघाली,
दुसरीत अजून काळं आहे,
नखातही.
मुकुलचा मेसेज : घाट बंद, एप्रिलअखेर येतो,
तेव्हा फ्लॅटचं काय ते ठरवू.

लिहिलं, घाई नको.
पुसलं. पुन्हा तेच लिहिलं.