कोलंबीचा काटा

बुरोंडीच्या पुळणीवर, केवड्याच्या बेटाआड
बारा पुड्या लागल्या. गोणपाटात शिवलेल्या,
वर प्लास्टिक, त्यावर आपल्याला न लागणारी अक्षरं.
पोरांनी आधी साबण समजून हुंगून बघितल्या.

साहेब आले दापोलीहून. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून म्हणाले,
हा नुसता माल नाही, बाई.
बंदूक न वाजवता आलेला हल्ला आहे, देशावरचा.
मी मान हलवली.
सुकटीवर कावळा उतरत होता, त्याला हाकललं.

गाडीत त्यांच्या दुर्बीण होती, नकाशा होता,
सीलची लाख, मेणबत्ती.
काटा तेवढा नव्हता.
माझा घेतला, कोलंबीचा, लोंबता.
तेरा किलो दोनशे, साहेबांनी मोठ्यानं वाचलं,
हवालदारानं लिहिलं,
आणि खाली पंच नंबर दोन:
सुलोचना धाकू पावसे, अंगठा नाही, सही.

आता तुम्ही इथले नाही म्हणून सांगते.
माझा काटा किलोमागे पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो.
अठरा वर्षं दाखवतो.
त्या पन्नासावर दोन मुली उजवल्या,
होडीचं इंजिन फेडलं.
आमच्या बंदरात कुणाचा दाखवत नाही?

गाडी रेतीत रुतली, लाख दमट, सील धरेना.
रात्रभर माल शाळेच्या खोलीत,
दारात माझा भाचा सर्वेश,
गळ्यात सागर रक्षक दलाची शिट्टी.

सकाळी कचेरीतल्या काट्यावर
सहाशे साठ ग्रॅम कमी भरले.
कमी भरले म्हणजे कुणीतरी काढले.
नेला त्याला.

मी हिशेब बोटांवर केला, दोनदा केला.
बरोब्बर सहाशे साठ.
काटा पिशवीत घातला, सोबत लोखंडी किलो,
साहेबांपुढे टांगून दाखवीन म्हणून.
उद्यापासून माझ्याकडची कोलंबी कोण घेणार,
ते नंतर बघू.

पण नाक्यावर उभी राहिले तेव्हा आठवलं,
शिमग्याला त्यानं नवा फोन आणला होता.
कुठून, मी विचारलं नव्हतं.
आणि श्रावणात दोन रात्री
गच्चीवरून दर्याकडे बॅटरी मारत होता.
खेकडे, म्हणाला होता.
गच्चीवर कसले खेकडे?

काटा खोटा, एवढं मला ठाऊक.
पोरगं कशावर घालू?

एसटी आली.
कंडक्टर म्हणाला, मावशी, याचं लगेज पडेल,
किती भरेल?
म्हटलं, उचल आणि तूच सांग.