तीन नंबर

सीडी आत घेतली की ड्राइव्ह घरघरते,
घसा खाकरून बसते कामाला.
पहिली दोन गाणी सरळ उतरली,
तिसऱ्यावर अडली.
तीच जागा पुन्हा वाचते, पुन्हा वाचते,
चष्मा विसरलेल्या माणसाने
वीजबिलाचा आकडा वाचावा तशी.

ओत्सो म्हणतो, आजोबा, ओरखडा असेल.
असेल.
दोनशे प्रती काढल्या होत्या आम्ही,
कागद गिरणीच्या वाद्यमंडळाने, अठ्ठ्याण्णव साली,
कॅन्टीनमधल्या खुर्च्या भिंतीला लावून.
पहिलं अकॉर्डियन तोइवोचं,
नेहमी अर्धा श्वास पुढे.
दुसरं माझं, त्याच्यामागे धावणारं.

कॉफी दोनदा झाली.
खिडकीबाहेर आखात अजून गोठलेलं.
शेवटी पडद्यावर हिरवी खूण आली:
सगळं बरोबर, एक बिटही इकडचा तिकडे नाही.

मग पोराने त्याचीच धाकटी फाइल केली,
अकराव्या हिश्शाची.
यातून काय गेलं रे?
जे कुणालाच ऐकू येत नाही, ते.
कुणालाच, हे कोणी ठरवलं?
त्याने खांदे उडवले. तेरा वर्षांचा आहे.

हेडफोन चढवले.
नाव न सांगता त्याने आलटून पालटून लावलं.
मोठी, धाकटी, धाकटी, मोठी.
मी चार वेळा चुकलो, दोनदा बरोबर आलो,
तेही नेम न धरता.
दवाखान्यातल्या बाईने काढलेला आलेख आहे माझ्याकडे:
तीन हजारांपर्यंत रेघ सपाट चालते
आणि मग बर्फावरून पाय सुटावा तशी खाली.
मोठी काय, धाकटी काय,
पालथ्या घड्यावर पाणी.

ओत्सोने ऐकलं, डोळे बारीक केले.
मोठीत एक शिट्टी आहे.
कुठे?
सगळीकडे. फार वर, सुईच्या टोकाएवढी.
गाणं सुरू व्हायच्या आधीपासून आहे,
संपल्यावरही आहे.
धाकटीत नाही. धाकटीच चांगली, आजोबा. स्वच्छ.

मी कप खाली ठेवला.

कॅन्टीनच्या भिंतीपलीकडे तीन नंबर होतं.
तीन नंबरचं मशीन, रात्रंदिवस,
आणि त्याच्या सुकवणीच्या रुळांपाशी
वाफेची एक गळकी झडप.
एकवीस वर्षं मी तिच्याखाली उभा.
तक्रारवहीत चारदा लिहिलं.
पाचव्यांदा लिहायला गेलो
तर फोरमनला ती ऐकू येत नव्हती,
मलाही नव्हती.
दुरुस्त झाली म्हणायची, असं ठरवून
आम्ही वही मिटली.

रेकॉर्डिंगला औलूहून एक पोरगा आला होता.
म्हणाला, मागे काहीतरी वाजतंय.
आम्ही अकरा जण एकमेकांकडे पाहत राहिलो.
कुठे काय वाजत होतं?

मशीन पुढे सुटं करून पेट्यांत भरलं,
जहाजावर चढवलं.
कुठे गेलं, मी विचारलं नाही.

धाकटी ठेवतो ना? मोठी फार जागा खाते.
मोठी ठेव.
पण तुम्हाला तर
मोठी.

पुन्हा लावायला सांगितलं, या वेळी स्पीकरवर.
तोइवो पुढे, मी मागे,
आणि त्याच्याही वर कुठेतरी ती असणार.
मी पोराच्या कपाळाकडे बघत बसतो.
आठी पडली.
हां. चालू आहे.