डबल बेल

"बायपासने जा," सगळ्यांनी सांगितलं.
पंपावरच्या पोरानं, टोलवरच्या बाईनं,
माझ्या स्वतःच्या एकतीस वर्षांच्या डायव्हरकीनंही.
पण केसरला कुकरचं रबर हवं होतं
आणि ते पाचकंदिलाजवळच्या एकाच दुकानात मिळतं
हे तिचं म्हणणं लग्नापासूनचं.

म्हणून मी घर धुळ्यात घातलं.

घर म्हणजे बस. शिरपूर डेपोनं भंगारात काढलेली,
लिलावात मी घेतलेली.
आता तिच्यात पलंग आहे, शेगडी आहे,
छपरावर टाकी, टाकीशेजारी
जुन्या लुगड्यावर वाळत घातलेले बिबडे.
लांबी चौतीस फूट.
उंची मी विसरतो, तारा विसरत नाहीत.

रिकामी बस रिकामी धावते. घर कधी रिकामं नसतं.
ब्रेक दाबला की मागून कळतं
कुठल्या डब्यात किती उरलंय:
हरभऱ्याची डाळ जड आवाजात सरकते,
मठ कुजबुजत.

या शहरात गल्ल्यांना नंबर आहेत.
माझ्या घरालाही नंबर आहे, मागच्या पाटीवर,
फक्त गल्ली नाही.
चार नंबरच्या तोंडाशी केळीची गाडी आडवी.
"पहिले तुमनं घर काढा," केळीवाला म्हणाला,
"मंग मी मनी गाडी काढसू."
शिट्टीवाला हवालदार आला, चाकं बघितली, पडदे बघितले,
"हे घर आहे का गाडी?"
म्हटलं, "साहेब, हालतंय तोवर गाडी."
तेव्हा ते हालत नव्हतं.

केसर मागच्या खिडकीतून अर्धी बाहेर.
एकतीस वर्षं माझ्या मागे पन्नास-पन्नास माणसं बसली,
ही कधी बसली नाही.
फॅमिली पास दर वर्षी कपाटात जुना व्हायचा.
आज तीच ओरडत होती सबंध बाजाराला ऐकू जाईल असं,
"मांगे ली! आखो मांगे! आखो...
थांब व माय!"
मी थांबलो. आरशात पाहिलं.
एक म्हातारी, मिरच्यांच्या ढिगामागची,
आपली ताडपत्री स्वतःच गुंडाळत होती,
कोणीतरी बांबूनं तार उचलून धरली होती,
आणि वरच्या गॅलरीतला एक पोरगा
हात लांबवून माझ्या छपरावरचा बिबडा खात होता.
कच्चाच.

पाऊण तास लागला.
दुकान दिसलं, डाव्या अंगाला, उघडं होतं.
थांबायला जागा नव्हती.
केसर काही बोलली नाही.
मीही गिअर बदलत राहिलो, जास्तच वेळा.

लळिंगच्या पायथ्याशी चहाला थांबलो
तेव्हा तिला दिसलं,
टाकीच्या नळाला अडकून आलेला एक शर्ट.
शाळेचा. पांढरा. दोन चिमटे अजून खांद्यावर.
कुठल्या गॅलरीतून आम्ही तो ओढून आणला
देव जाणे, चार नंबर असेल, पाच असेल.
कॉलरच्या आत शाईनं लिहिलेलं:
दिगंबर, सहावी ब.

"उद्या सोमवार," ती म्हणाली.
मी हायवेकडे पाहिलं. नाशिकपर्यंत सरळ,
चार लेन, तारा नाहीत, केळीवाला नाही.
"तेच एक पोरगं असेल," मी म्हटलं, "बिबडेवालं."
"मंग वळखू येई," ती म्हणाली.
तिनं शर्ट झटकला, घडी केली,
उशीखाली ठेवला, इस्त्रीसारखा.

चहाचे पैसे दिले. चढलो.
मागे वळायला आवार मोठं होतं,
तरी मी तिच्या आवाजाची वाट बघत बसलो.
आवाज आला नाही.
छताशी अजून ती जुनी दोरी आहे, कंडक्टरची,
मी काढायची राहून गेलेली.
केसरनं ती ओढली,
आधी एकदा, अंदाज घेत,
मग नीट
दोनदा.